ओल आधी काढायची की मधली भिंत आधी पाडायची? जुन्या घरात आमचं दोघांचं अडलंय

खिडकीपाशी

नमस्कार मंडळी. जरा लांबण लावते, कारण अर्धवट सांगितलं तर उत्तरंही अर्धवटच मिळतील.

तीन वर्षांपूर्वी आम्ही दोघांनी एक जुनं घर घेतलं. वर-खाली मिळून पाच खोल्या. भिंती भाजक्या विटांच्या, चुन्यात बांधलेल्या. जाडी मी स्वतः मोजली आहे, दाराच्या चौकटीपाशी ३८ सेंटिमीटर भरते. मधल्या मजल्याला लाकडी तुळया आणि फळ्या, वर कौलं. पहिल्यांदा बघायला गेलो तेव्हा दुपार कलली होती आणि जिन्यातल्या खिडकीतून ऊन थेट सगळ्यात खालच्या पायरीपर्यंत उतरलं होतं. नवरा छताची उंची बघत होता, मी ते ऊन बघत होते. बाहेर पडलो तेव्हा एकमेकांना न विचारताच दोघांचं ठरलेलं होतं. त्या दिवसासारखं एकमत पुन्हा व्हावं असं मनापासून वाटतं, म्हणून इथे विचारतेय.

बाहेरच्या खोलीच्या उत्तरेकडच्या भिंतीला ओल आहे. दोन वर्षांपूर्वी तिथला भुसभुशीत झालेला जुना गिलावा खरवडून कमरेच्या उंचीपर्यंत सिमेंटचा गिलावा करून घेतला, त्यात वॉटरप्रूफिंगचं द्रव्य मिसळून. करणाऱ्याने सांगितलं, आता इथे ओल दिसणार नाही. आठ महिने खरंच दिसली नाही. मग सिमेंट जिथे संपतं त्याच्या वर रंगाचे पापुद्रे सुटायला लागले आणि पांढरी भुकटी पडायला लागली. पुस्तकांचं कपाट पुढे ओढलं तर खालच्या दोन फळ्यांवरच्या पुस्तकांना कुबट वास लागलेला. तेव्हापासून दर महिन्याच्या १ तारखेला मी ओलीच्या वरच्या कडेवर पेन्सिलीने रेघ मारते आणि शेजारी तारीख घालते. आज अकरा रेघा आहेत. पहिली जमिनीपासून ९६ सेंटिमीटरवर, अकरावी १२४ वर.

नवऱ्याला ही खोली आणि स्वयंपाकघर यांच्यामधली भिंत पाडायची आहे. स्वयंपाकघरात भर दुपारीही दिवा लावावा लागतो. तिथे जो उभा असतो तो घरात असूनही घरापासून तुटलेला असतो, असं तो म्हणतो. घरी रोजचा स्वयंपाक तोच करतो, त्यामुळे हे त्याचं ऐकीव मत नाही, रोजचा अनुभव आहे. ओल थोडीफार प्रत्येक जुन्या घरात असते, भिंत गेली की वारा खेळेल आणि तीही आटोक्यात येईल, हे त्याचं म्हणणं. माझं म्हणणं, जी ओल दर महिन्याला वर चढतेय तिचं आधी बघायला हवं. दोन्ही कामं एकदम काढायला शिल्लक पुरणार नाही आणि रजाही.

गेल्या रविवारी तो सकाळीच छिन्नी-हातोडा घेऊन आला आणि मधल्या भिंतीचा हातभर गिलावा उडवून आतल्या विटा बघायला लागला. मी ओरडले. संध्याकाळपर्यंत आम्ही बोललो नाही. भांडणाचं वाईट वाटलंच, पण त्याहून जास्त याचं वाटलं की तो ज्या उत्साहाने कामाला लागला होता तो माझ्या एका वाक्याने गेला.

तर दोन गोष्टी विचारायच्या आहेत. सिमेंटचा गिलावा काढून टाकायला हवा का, आणि मधली भिंत पाडण्यासारखी आहे हे कळतं कशावरून? वरच्या मजल्यावर तिच्या रेषेत भिंत नाही. आणि तिसरी गोष्ट, ज्यांनी नवरा-बायकोने मिळून असं घर हातात घेतलंय त्यांनी सांगावं, तुम्ही ठरवता कसं?

---

ओळंबा

ताई, तुमच्या अकरा रेघांमुळे माझं काम सोपं झालं. बांधकामावर देखरेख करण्यात माझी ३१ वर्षं गेली. ओल दाखवायला लोक बोलावतात तेव्हा "खूप वाढलीये हो" एवढंच सांगतात. किती वाढली, कधीपासून, हे माहीत नसतं.

तुमची पहिली रेघ ९६ सेंटिमीटरवर आहे आणि सिमेंट कमरेपर्यंत आहे. दोन्ही एकच उंची झाली. याचा अर्थ असा की पाण्याची बाहेर पडायची वाट सिमेंटने बंद केली, म्हणून ते भिंतीच्या पोटातून वर चढलं आणि सिमेंट संपल्यावर बाहेर आलं. गिलावा फुटला नाही म्हणून तो चांगला, असं करणाऱ्याला वाटलं असेल. त्याने विटा बघितल्या, चुना बघितला नाही.

चुन्याची भिंत आणि सिमेंटची भिंत यांचा स्वभाव वेगळा. जोसेफ ॲस्पडिनने पोर्टलंड सिमेंटचं पेटंट १८२४ साली घेतलं, पण ते साध्या घरांपर्यंत पोचायला पुढे कित्येक दशकं लागली. त्याआधीचं आणि नंतरचंही बरंच बांधकाम चुन्यातलं आहे. चुना हवेतला कार्बन डायऑक्साइड घेऊन पुन्हा हळूहळू दगडासारखा होतो, पण त्यात बारीक छिद्रं राहतात. भिंत ओली होते, तशी सुकतेही. या भिंतींना पाणी अडवायचं माहीत नाही, घेतलेलं पाणी परत द्यायचं माहीत आहे. म्हणून तो सिमेंटचा गिलावा काढायचाच. शेवटच्या रेघेच्या वर आणखी ३० सेंटिमीटरपर्यंतचा जुना गिलावाही काढा. पांढरी भुकटी म्हणजे क्षार, जुने गवंडी त्याला लोणा लागला म्हणतात. क्षार हवेतलं पाणी ओढून घेतात. त्यामुळे खालून येणारं पाणी थांबलं तरी तो गिलावा दमट हवेत पुन्हा ओला दिसणार आणि तुम्हाला वाटणार की काम फसलं.

पण गिलाव्याच्या आधी पाणी येतंय कुठून ते शोधा. त्या भिंतीच्या बाहेर जा आणि बाहेरची जमीन आतल्या जमिनीपेक्षा किती खाली आहे ते मोजा. निदान १५ सेंटिमीटर खाली हवी. जुन्या घरांभोवती वर्षानुवर्षं माती, फरशी, पुन्हा फरशी असं चढत जातं आणि जोतं बुडतं. पन्हळ गळतेय का, तिचं पाणी भिंतीच्या पायाशी पडतंय का, ते पाऊस चालू असताना उभं राहून बघा. पाण्याचा पाइप भिंतीतून जात असेल तर रात्री सगळे नळ बंद करून मीटरचा आकडा लिहून ठेवा आणि सकाळी पुन्हा बघा. आणि एक सोपी परीक्षा: ३० सेंटिमीटरचा चौकोनी अॅल्युमिनियम फॉइलचा तुकडा चारी बाजूंनी चिकटपट्टी लावून भिंतीवर दोन दिवस ठेवा. खोलीकडच्या बाजूला पाणी जमलं तर ती हवेतली वाफ आहे, भिंतीकडच्या बाजूला जमलं तर पाणी भिंतीतून येतंय. तुमच्या यजमानांचं वारा खेळण्याबद्दलचं म्हणणं पहिल्या बाबतीत बरोबर ठरेल, दुसऱ्या बाबतीत वाऱ्याने फारसं काही होणार नाही.

मूळ कारण दूर झाल्यावर भिंत वाळायला वेळ द्या. आमचा ठोकताळा असा: दर अडीच सेंटिमीटर जाडीला एक महिना. तुमची भिंत ३८ ची, म्हणजे सव्वा वर्ष. तोवर विटा उघड्या ठेवा. दिसायला बरं दिसत नाही, पण घाईने झाकली तर दोन वर्षांपूर्वीचंच पुन्हा होईल.

आता मधली भिंत. वर तिच्या रेषेत भिंत नाही यावरून काहीच ठरत नाही. तुळया कुठल्या दिशेने गेल्या आहेत ते बघा. वरच्या फळ्यांमधले खिळ्यांचे माथे रांगेत दिसतात, त्या रांगेखाली तुळई असते. रांगा मधल्या भिंतीला आडव्या छेदून जात असतील तर तुळयांची टोकं बहुतेक तिच्यावरच टेकलेली आहेत आणि ती भार घेते. अशी भिंत स्ट्रक्चरल इंजिनिअरने बघितल्याशिवाय एक वीटही काढायची नाही. तुमच्या यजमानांनी फक्त गिलावा उडवला, त्याने काही बिघडलेलं नाही, आणि विटा बघायची इच्छा होणं चांगलंच आहे. पण विटांच्या पुढे जाऊ देऊ नका. भार घेणाऱ्या भिंतीतही बेताचा मोकळा भाग काढता येतो. वर योग्य मापाची लिंटेल, म्हणजे मोकळ्या भागावरचा भार घेणारी आडवी तुळई, टाकून, आधी तुळयांना टेकू देऊन. पूर्ण भिंत जाणं आणि भिंतीत वाट काढणं यांत फार फरक आहे, तो त्यांच्यासमोर ठेवून बघा.

कुठे भेगा असतील तर त्यावर काचेची पातळ पट्टी दोन्ही टोकांना पक्की चिकटवा, तारीख लिहा. भिंत हलत असेल तर काच तडकते. भेग ५ मिलिमीटरपेक्षा रुंद असेल तर वाट न बघता इंजिनिअरला दाखवा.

---

दुसरा मजला

मी थोडं वेगळं सांगतो. घरात राहून घर दुरुस्त करू नका. आम्ही केलं. अकरा महिने एका खोलीत संसार, उरलेल्या घरात धूळ. धुळीने माणूस चिडतो, आणि चिडलेली माणसं भिंतीवरून नाही तर टॉवेल कुठे वाळत टाकला यावरून भांडतात. शक्य असेल तर तीन-चार महिने दुसरीकडे राहा, काम एकाच माणसाच्या अंगावर टाका आणि आठवड्यातून एकदाच दोघांनी मिळून बघायला जा. शक्य नसेल तर निदान एक खोली अशी ठरवा की तिथे अवजार, पोतं, नमुन्याची फरशी, काहीही जाणार नाही. ती खोली शेवटच्या दिवसापर्यंत सांभाळा.

---

निळी वायर

तुमच्या प्रश्नात वायरिंगचा शब्दही नाही, म्हणून लिहितेय. मी वायरिंगची कामं घेते. जुन्या घरात मला बोलावतात ते रंग लावून झाल्यावर, आणि मग नवीन भिंती फोडाव्या लागतात. हे बघून दर वेळी वाईट वाटतं.

गिलावा काढणारच आहात तर त्याआधी वायरिंग बघून घ्या. एखादा स्विचबोर्ड मेन बंद करून उघडा. वायरवर कापड किंवा रबर दिसलं आणि वाकवल्यावर ते तुकडे होऊन पडत असेल, तर ती वायर बदलायची, तिथे दुरुस्ती नाही. प्रत्येक बोर्डापर्यंत आर्थिंगची तार पोचली आहे का ते तपासून घ्या. जुन्या घरांत तीन भोकांचा सॉकेट असतो आणि तिसऱ्या भोकामागे काहीच जोडलेलं नसतं. बाहेरून सगळं ठीक दिसतं, म्हणून हे जास्त धोक्याचं. आणि ३० मिलिअँपिअरचा आरसीसीबी बसवाच. गेलेला करंट आणि परत आलेला करंट यांत तेवढाही फरक पडला की तो क्षणात पुरवठा तोडतो. हा फरक म्हणजे करंट दुसऱ्या वाटेने, कदाचित माणसाच्या अंगातून, जमिनीत चाललाय. तुमच्यासारखी ओली भिंत असलेल्या घरात याला पर्याय नाही. त्या भिंतीवर सॉकेट असेल तर तो आजच बंद करा, भिंत वाळेपर्यंत वापरू नका.

वायरिंगचे नवीन पाइप भिंतीत घातल्यावर, गिलावा चढण्याआधी, प्रत्येक भिंतीचा फोटो काढा. भिंतीला मोजपट्टी लावून, आकडे दिसतील असा. पाच वर्षांनी खिळा मारायचा असेल तेव्हा तो फोटो कामाला येतो.

एक आणखी, रंगाबद्दल. दारं-खिडक्यांवरचा जुना रंग कोरडा घासू नका आणि ब्लोअरने जाळूही नका. जुन्या ऑइलपेंटमध्ये शिसं असू शकतं. १९२१ सालीच आंतरराष्ट्रीय कामगार संघटनेच्या करारात काही अपवाद सोडून इमारतींच्या आतल्या रंगकामात पांढरं शिसं वापरायचं नाही असं ठरलं होतं, तरी शिशाचे रंग अनेक देशांत पुढे दशकानुदशकं विकले गेले. एक पापुद्रा प्रयोगशाळेत तपासून घ्या. तोवर पाणी मारून, ओलं करून खरवडायचं, खाली प्लास्टिक अंथरायचं, आणि घरात लहान मूल किंवा गरोदर बाई असेल तर त्या दिवशी त्यांनी तिथे थांबायचं नाही. कुठे जुने सिमेंटचे पत्रे असतील तर तेही फोडू नका, त्यात अॅस्बेस्टॉस असू शकतं.

---

खिडकीपाशी

सगळ्यांचे खूप आभार. दहा दिवसांत जे केलं ते सांगते.

फॉइल लावला. दोन दिवसांनी काढला तर खोलीकडची बाजू कोरडी आणि भिंतीकडची ओलीचिंब. मीटरचा आकडा रात्रभरात हलला नाही, म्हणजे पाइप नाही. राहिली बाहेरची जमीन. ती मोजायला पारदर्शक नळी आणली, पाणी भरलं. एक टोक त्याने आत धरलं, एक मी बाहेर, मध्ये उघडी खिडकी. नळीतलं पाणी स्थिर होईपर्यंत दोघांनाही हलता येत नाही. तो आतून "थांब, अजून डोलतंय" म्हणत होता आणि मी बाहेरून आकडा वाचत होते. रविवारनंतर आम्ही इतकं पहिल्यांदाच बोललो.

बाहेरची फरशी आतल्या जमिनीपेक्षा ४ सेंटिमीटर वर आहे! खाली नाही, वर. एका कडेला पहारीने उचकटून बघितलं तर फरशीच्या खाली आणखी एक फरशी निघाली. तो बराच वेळ तिथे उकिडवा बसून बघत राहिला. मग म्हणाला, "हे आधी." मी काही बोलले नाही. मला तेव्हा जिंकल्यासारखं वाटलं नाही. त्याच्या भिंतीचं काय, हाच विचार डोक्यात होता. तुळयांच्या खिळ्यांच्या रांगा मधल्या भिंतीला आडव्याच जातात, हेही त्यानेच वर जाऊन बघितलं होतं.

वायरिंगचा बोर्ड उघडला. कापडच आहे. त्या भिंतीवरचा सॉकेट बंद केलाय.

तर आता ओल आधी हे ठरलं, पण तो गप्प आहे. माझं बरोबर निघालं याने काहीच सुटलेलं नाही.

---

अर्धी चौकट

तुमचं शेवटचं वाक्य वाचून लिहायला बसलो. पहिल्या दोन प्रश्नांना उत्तरं मिळाली, तिसऱ्याला कुणी हात घातला नाही.

आम्ही नवरा-बायकोने आमचं घर सहा वर्षांत केलं. दुसऱ्या वर्षी बायको चार दिवस कामासाठी बाहेरगावी गेली होती. मागच्या खोलीचं जुनं दार खालून कुजलेलं होतं, घट्ट बसायचं, रोज त्याबद्दल तक्रार व्हायची. मी ते चौकटीसकट काढून टाकलं आणि तयार दार बसवलं. ती आली की खूश होईल या कल्पनेने रात्री जागून काम केलं. ती आली, दारापाशी उभी राहिली आणि तिने विचारलं, बिजागऱ्या कुठे आहेत? मला प्रश्नच कळला नाही. त्या दाराच्या पितळी बिजागऱ्यांवरचा रंग ती कित्येक रात्री मऊ करून, काडीने, इंच इंच काढत होती. तीन झाल्या होत्या, एक राहिली होती. मी ते सगळं भंगारात घालून आलो होतो. दुसऱ्या दिवशी सकाळी परत गेलो, मिळालं नाही.

ती ओरडली नाही. पण पुढचे दोन महिने तिने घराच्या कुठल्याही कामाला हात लावला नाही. तिच्याशिवाय मी एकटा ते घर दुरुस्त करत होतो आणि मला कळत नव्हतं की कुणासाठी करतोय.

मग आम्ही एकच नियम केला, आजही पाळतो. जे पुन्हा जागेवर लावता येणार नाही ते दोघं त्या खोलीत उभे असल्याशिवाय काढायचं नाही. फोनवर विचारून नाही, फोटो पाठवून नाही. रंग चुकला तर दुसरा लावता येतो, त्यात ज्याची हौस त्याने ठरवावं. भिंत, चौकट, जुनी फरशी, जिना, यांना हा नियम. बाकी सगळ्यात आम्ही पुष्कळ वाद घालतो. या एका बाबतीत वाद संपेपर्यंत वस्तू जागेवर राहते.

आणि एक वही. डावं पान तिचं, उजवं माझं. खोलीचं नाव वर लिहायचं आणि खाली तिथे काय करायचं ते नाही, तिथे काय खुपतं ते लिहायचं. न्हाणीघराच्या पानावर मी "फरशी बदलणे" असं लिहिणार होतो. तिने लिहिलं होतं, "आई आली तर घसरेल." ते वाचल्यावर फरशी कुठली हा वादच उरला नाही.

तुमच्या यजमानांच्या पानावर काय असेल ते तुम्हीच वर लिहून ठेवलंय. त्यांनी भिंत मागितली असली तरी त्यांना उजेड हवाय, आणि स्वयंपाक करताना घरात असणं हवंय. भिंत वाळायला सव्वा वर्ष लागणार असेल तर तेवढे दिवस त्यांना काहीच मिळू नये हे बरोबर नाही. स्वयंपाकघराचं दार काढून ठेवता येईल का? फेकू नका, बिजागरीतून उचलून वरच्या खोलीत ठेवा. काळवंडलेल्या भिंतींना पांढरा चुना मारता येईल का? एका दिवसाचं काम आहे, आणि उद्या नको वाटलं तर फार काही बिघडत नाही.

खिडक्यांबद्दल तुम्ही विचारलं नाहीत, तरी सांगतो, कारण आम्ही यात चुकलो. चौकटीचं खालचं आडवं लाकूड कुजलं म्हणजे अख्खी खिडकी गेली असं नाही. लाकडात पाणी साधारण २० टक्क्यांच्या खाली राहिलं तर बुरशी त्याला कुजवू शकत नाही. कुजलेला भाग चांगल्या लाकडापर्यंत कापून, तिरका सांधा करून नवा तुकडा जोडता येतो. चांगला सुतार शोधा आणि त्याला बदलायला नको, जोडायला सांगतोय हे पहिल्याच दिवशी स्पष्ट सांगा. नाहीतर तो तुमच्या भल्यासाठी म्हणून सगळं काढून टाकेल. आणि पैशांच्या पाच भागांतला एक भाग मोजायचाच नाही, तो अचानक निघणाऱ्या कामांसाठी ठेवायचा. फरशीखाली फरशी निघते, हे तुम्ही आता बघितलंच.

---

ओळंबा

अर्धी चौकट यांनी लिहिलं ते मी ३१ वर्षांत कुणाला सांगू शकलो नाही. मी फक्त भिंतीच बघत होतो. ताई, इंजिनिअर येईल तेव्हा यजमानांनाच बोलू द्या. भिंत त्यांची आहे.

---

खिडकीपाशी

आठ महिन्यांनी लिहितेय, त्याबद्दल माफ करा. अधूनमधून कुणीतरी विचारत होतं, पण अर्धवट सांगायचं नव्हतं.

बाहेरच्या दोन्ही फरश्या काढल्या. जमीन आतल्यापेक्षा १८ सेंटिमीटर खाली नेली, उतार भिंतीपासून लांब दिला, पन्हळीचं पाणी पाइपने पुढे नेऊन सोडलं. हे काम आम्ही दोघांनी केलं, फक्त माती वाहायला माणूस लावला. वायरिंग पूर्ण बदललं, प्रत्येक भिंतीचे मोजपट्टीसकट फोटो आहेत.

गिलावा काढायच्या आदल्या रात्री मी झोपायला गेले, तो खालीच होता. सकाळी बघितलं तर दाराच्या चौकटीवर कागदाची लांब पट्टी चिकटवलेली. माझ्या सगळ्या रेघा त्याने तिच्यावर उतरवून घेतल्या होत्या, जमिनीपासूनच्या अचूक उंचीवर, माझ्याच तारखांसह. गिलावा जाणार म्हणजे त्या जाणार, हे माझ्या लक्षातच आलं नव्हतं. पुढच्या रेघा तो उघड्या विटांवर खडूने मारतो आणि पट्टीवर उतरवतो. बारावी १२६ वर होती. तेराव्यापासून खाली यायला लागल्या. या महिन्याची एकोणिसावी ९१ सेंटिमीटरवर आहे.

वही केली. त्याच्या पानावर स्वयंपाकघराखाली लिहिलं होतं, "ऊन कधीच येत नाही." माझ्या पानावर मी भिंतीबद्दल बरंच काही लिहिलं होतं, त्यातलं निम्मं या एका ओळीनंतर खोडलं.

इंजिनिअरने बघितलं. भिंत भार घेतेच. पूर्ण पाडायची तर लोखंडी तुळई आणि दोन्ही बाजूंना नवे खांब लागतील, पण १२० सेंटिमीटर रुंदीची वाट काढता येईल, टेकू आणि लिंटेलचं ड्रॉइंग त्यांनी करून दिलं. जागा कुठली हे आमच्यावर सोडलं. मग तीन आठवडे नवरा दुपारी घरी असला की मधल्या भिंतीपाशी खडू घेऊन उभा असायचा. जिन्यातल्या खिडकीचं ऊन जिथवर पोचतं तिथे खूण करायची, वेळ लिहायची. सगळ्या खुणा एका हाताच्या अंतरात पडल्या. वाट तिथेच निघणार, पुढच्या महिन्यात. त्या दिवशी आम्ही दोघं खोलीत असणार आहोत.

स्वयंपाकघराचं दार वरच्या खोलीत उभं करून ठेवलंय.

ओळंबा काका, अजून सहा-सात महिन्यांनी त्या भिंतीला चुन्याचा गिलावा करायचा आहे. आत्तापासून काय तयारी करू?

---

ओळंबा

मुरवलेल्या चुन्याची लगदी आधीच मिळवून झाकून ठेवा, ती जितकी मुरेल तितकी चांगली. एक भाग चुना, तीन भाग धुतलेली, बारीक-जाड मिसळलेली वाळू. क्षाराची वाळू अजिबात नको, चाखून बघितली तरी कळतं. एका थराला साधारण १ सेंटिमीटरपेक्षा जास्त जाडी देऊ नका, एक थर घट्ट झाल्याशिवाय दुसरा चढवू नका, आणि काही दिवस त्या भिंतीवर थेट ऊन-वारा लागू देऊ नका, अधूनमधून पाण्याचा हलका फवारा मारा. चुना कातडी जाळतो, डोळ्यांना तर फारच वाईट. दोघांनीही हातमोजे आणि चष्मा घातल्याशिवाय हात लावायचा नाही.

पट्टीचा फोटो टाका. बघायचाय.